प्राचीन प्रथिनांची तपासणी: हाड कुणाचं हे सांगणाऱ्या सेवेचं परीक्षण

उत्खननात निघालेल्या हाडांत बहुतेक तुकडे असे असतात की त्यांवर ना सांधा असतो, ना दात, ना ओळख पटवणारी कुठलीच खूण. तरसांनी फोडून, गाळाखाली दबून, पुन्हा पुन्हा गोठून त्यांचा चुरा झालेला असतो. माणसाच्या नामशेष नातेवाइकांचे अवशेष मुळात दुर्मीळ, आणि त्यातले काही याच पिशव्यांत ‘अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून पडलेले असतात. प्राचीन प्रथिनांची तपासणी हा प्रश्न सोडवते असं म्हटलं जातं, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. मात्र या एका नावाखाली तीन वेगळ्या सेवा मिळतात. प्रत्येकीला लागणारा नमुना वेगळा, तिचं उत्तर वेगळं आणि त्या उत्तराचं वजनही वेगळं. संग्रहालयांनी आणि उत्खनन करणाऱ्या गटांनी नमुना देण्याआधी हे नीट पाहून घ्यावं.

पहिली सेवा झूम्स (ZooMS), म्हणजे प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं मोजून प्राणी ओळखणं. २००९मध्ये पुढे आलेली ही पद्धत हाडातल्या एकाच प्रथिनावर चालते, ते म्हणजे कोलॅजेन. हाडातल्या प्रथिनांपैकी साधारण नऊ दशांश हेच असतं. तीन साखळ्यांचा घट्ट पीळ आणि भोवती खनिज, त्यामुळे डीएनएचा मागमूस उरलेला नसतानाही ते टिकून राहतं. वेगवेगळ्या प्राण्यांच्या कोलॅजेनमध्ये अमिनो आम्लांचे थोडे फरक असतात. ट्रिप्सिन या विकराने ते ठरावीक जागी कापलं की मिळणाऱ्या तुकड्यांच्या, म्हणजे पेप्टाइडांच्या, वजनांत हे फरक उतरतात. मेंढी आणि शेळी यांची हाडं नुसत्या नजरेने वेगळी करताना तज्ज्ञही अडखळतात. इथे एका पेप्टाइडचं वस्तुमान मेंढीत ३०३३ आणि शेळीत ३०९३ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) येतं, की प्रश्न संपला.

प्रयोगशाळेतलं काम साधं आहे, आणि म्हणूनच ते शेकड्यांनी करता येतं. १० ते २० मिलिग्रॅमची कपची पुरते. ती ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात थंड जागी मऊ होईपर्यंत ठेवायची, याला काही दिवस लागतात. मग ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटने तीनदा धुवायची आणि त्याच द्रावणात ६५ अंश सेल्सिअसला तासभर ठेवायची. कोलॅजेनचा पीळ सुटून ते द्रावणात उतरतं. त्यात ट्रिप्सिन घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं, सकाळी ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाने क्रिया थांबवायची, सी-१८ टिपमधून गाळून क्षार काढायचे आणि मॅल्डी या रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर मॅट्रिक्ससोबत (नमुन्याचे रेणू यंत्रात उडवायला मदत करणारं रसायन) एक-एक मायक्रोलिटरचे थेंब सुकवायचे. प्रत्येक नमुन्याचे तीन थेंब हवेत. एकाच थेंबावर निकाल देणारी प्रयोगशाळा टाळलेली बरी.

बिघडतं कुठे? सगळ्यात आधी आम्लात. हाड आधीच झिजलेलं असेल तर कोलॅजेनचे तुकडे आम्लातच विरघळून जातात आणि मागे जवळजवळ काही उरत नाही. म्हणून ते आम्ल फेकू नये, अल्ट्राफिल्टरमधून गाळून त्याचीही तपासणी करता येते. मातीतली ह्युमिक द्रव्यं अर्क तपकिरी करतात आणि सिग्नल दाबतात. अशा वेळी आधी अमोनियम बायकार्बोनेटमध्ये रात्रभर धुणं उपयोगी पडतं. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे यंत्राने काढलेल्या वजनांच्या आलेखात, ४४ डाल्टनच्या अंतराने एकसारखी शिखरं उभी दिसली तर ते हाड नव्हे, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे, म्हणजे बहुतेक वेळा संवर्धनाच्या कामातला किंवा प्लास्टिकच्या साहित्यातला अंश. आणि ८४२.५ व २२११.१ एवढीच दोन शिखरं ठसठशीत दिसत असतील तर ट्रिप्सिनने स्वतःलाच कापलं आहे, कोलॅजेन शिल्लकच नाही. अशा नमुन्याच्या अहवालात ‘अनिर्णित’ असं स्पष्ट लिहिलेलं असावं. ओढूनताणून दिलेल्या प्राण्याच्या नावाचा काहीच उपयोग नाही.

मौल्यवान नमुन्यासाठी आम्लाशिवायची सोयही आहे. कपची नुसत्या अमोनियम बायकार्बोनेटमध्ये ६५ अंशांवर तासभर ठेवायची, जे सुटेल ते वापरायचं आणि कपची जशीच्या तशी परत घ्यायची. चांगल्या टिकलेल्या हाडावर हे छान चालतं, फार जुन्यावर कमी. खोडरबराने पृष्ठभाग हलकेच घासून आलेल्या कणांवर किंवा हाड ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर चिकटलेल्या अंशावर काम करण्याच्याही पद्धती आहेत. पृष्ठभागावर सरस किंवा जिलेटिन लावलेलं असेल तर मात्र या पद्धती त्या सरसाचाच प्राणी सांगतात, आणि तो बहुतेकदा गाय निघतो. जुन्या संग्रहालयांतल्या जीवाश्मांवर सरस लावणं ही नेहमीची गोष्ट होती, म्हणून संवर्धनाची नोंद नमुन्यासोबत द्यावीच. यात एक दिलासा आहे. हाताळणाऱ्याच्या त्वचेतून येतं ते मुख्यतः केराटिन, कोलॅजेन नव्हे. त्यामुळे दूषित नमुना झूम्समध्ये खोटी गाय होण्याची भीती जास्त, खोटा माणूस होण्याची कमी.

या सेवेची मर्यादा एका वाक्यात मावते, आणि ती अहवालाच्या पहिल्या पानावर हवी. झूम्स ‘होमिनिड’, म्हणजे माणूस आणि महावानर यांच्या कुळातला, एवढंच सांगते. आजचा माणूस आणि त्याचे नामशेष नातेवाईक निअँडरथल व डेनिसोव्हन यांच्या कोलॅजेनची ही ठेवण सारखीच दिसते. तरीही चाळणी म्हणून तिला तोड नाही. सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतले २,३१५ तुकडे या पद्धतीने तपासले गेले आणि त्यांतून मानवी गटातला एक तुकडा सापडला, लांबी जेमतेम २४.७ मिलिमीटर. ही माहिती २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्याच तुकड्यातून जीनोम मिळाला आणि २०१८मध्ये कळलं की ती एक मुलगी होती, आई निअँडरथल आणि वडील डेनिसोव्हन. हा निष्कर्ष प्रथिनांनी काढला नाही, डीएनएने काढला. पण डीएनएचं खर्चिक काम कोणत्या तुकड्यावर करायचं हे सांगायला झूम्सच लागली. दोन हजारांहून अधिक तुकड्यांत एक, हे प्रमाण मनात ठेवूनच ही सेवा घ्यावी. वीस-तीस तुकडे देऊन नामशेष मानव सापडेल अशी आशा धरू नये. तुकडे निवडताना कोणते गाळायचे हेही आधी ठरवावं. प्राण्याचा अंदाज असलेली हाडं बाजूला काढली तर यंत्रावरचा वेळ वाचतो, पण मग गुहेतल्या एकूण प्राण्यांचं चित्र एकांगी होतं.

दुसरी सेवा म्हणजे हाडातल्या किंवा डेंटीनमधल्या (दाताच्या कवचाखालचा थर) सगळ्या प्रथिनांचं वाचन. इथे नुसती वजनं पाहिली जात नाहीत. द्रव क्रोमॅटोग्राफीने पेप्टाइड वेगळे करून यंत्रात त्यांचे आणखी तुकडे पाडले जातात आणि त्या तुकड्यांवरून अमिनो आम्लांचा क्रम वाचला जातो. खर्च आणि वेळ बराच जास्त, पण ‘कोणता मानव’ या प्रश्नाला हात घालणारी हाडासाठीची सेवा हीच.

तिचं सर्वांत ठळक यश शियाहेचा जबडा. १९८०मध्ये चीनच्या गान्सू प्रांतातल्या बैशिया गुहेत एका भिक्षूला तो मिळाला. किमान १,६०,००० वर्षं जुना, डीएनए शून्य. २०१९मध्ये दाढेच्या डेंटीनमधल्या प्रथिनांवरून तो डेनिसोव्हन गटाचा ठरला. सायबेरियाबाहेर डेनिसोव्हन दिसण्याची ही पहिली वेळ. याच गुहेतल्या २,५६७ हाडांचा अभ्यास २०२४मध्ये आला. त्यात झूम्सने वेगळी काढलेली एक बरगडी पुढच्या वाचनात डेनिसोव्हन निघाली, काळ साधारण ४८,००० ते ३२,००० वर्षांपूर्वीचा. दोन्ही सेवा एकामागून एक कशा वापराव्यात याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

तैवानजवळच्या पेंघू खाडीत मासेमारीच्या जाळ्यात आलेल्या जबड्यावरचं २०२५चं काम तर निकाल कसा वाचावा हे शिकण्यासाठी उत्तम आहे. तिथे ४,२४१ अमिनो आम्लं वाचता आली. आकडा भरघोस वाटतो, पण त्यातली जवळजवळ सगळी आपल्यात, निअँडरथलांत आणि डेनिसोव्हनांत सारखीच असतात. जबडा डेनिसोव्हन ठरला तो दोन जागांमुळे. कोलॅजेनच्या एका साखळीतल्या ९९६व्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन, आणि दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये ५८३व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन. चीनमधल्या हार्बिनची कवटीही २०२५मध्ये डेनिसोव्हन ठरली. तिच्यात ९५ मूळ प्रथिनं ओळखता आली, आणि निर्णायक फरक तीन.

म्हणून या सेवेच्या अहवालातला ‘इतकी प्रथिनं, इतके पेप्टाइड’ हा तक्ता आधी बाजूला ठेवावा. ज्या एक, दोन किंवा तीन जागांवर निष्कर्ष उभा आहे, त्या जागांचे स्पेक्ट्रम मागून घ्यावेत आणि स्वतः पाहावेत. त्या अमिनो आम्लाच्या दोन्ही बाजूंना तुटलेले तुकडे दिसतात का? फरक एकाच पेप्टाइडमध्ये आहे, की एकमेकांवर येणाऱ्या दोन-तीन वेगळ्या पेप्टाइडांत? दुसऱ्या खेपेस काढलेल्या अर्कात तो पुन्हा दिसतो का?

इतकी चौकशी का, तर वजनांचे सापळे फार फसवे असतात. कोलॅजेनमधल्या प्रोलिनला ऑक्सिजन जोडला गेला की वजन १५.९९५ डाल्टनने वाढतं, आणि कोलॅजेनमध्ये हे सतत घडत असतं. ॲलनिनच्या जागी सेरिन आलं तरी वाढ नेमकी तेवढीच. म्हणजे प्रोलिनच्या शेजारी ॲलनिन असेल तर सॉफ्टवेअर एक साधा रासायनिक बदल उत्क्रांतीचा फरक म्हणून दाखवू शकतं. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन अगदी सारखं, वजनावरून ते वेगळे करताच येत नाहीत. हायड्रॉक्सिप्रोलिन त्यांच्यापेक्षा फक्त ०.०३६ डाल्टनने हलकं, त्यामुळे कमी अचूकतेच्या यंत्रावर इथेही गल्लत होते. दोन ग्लायसिनचं वजन एका ॲस्पॅराजिनइतकं. आणि ॲस्पॅराजिन जुनं होताना त्याचं ॲस्पार्टिक आम्ल होतं, वजन ०.९८४ डाल्टनने वाढतं. त्या जागी मुळातच ॲस्पार्टिक आम्ल होतं, की काळाने ते तसं झालं, हे त्या एका पेप्टाइडवरून सांगता येत नाही. यांपैकी एकाही सापळ्यात बसणारा फरक निर्णायक म्हणून पुढे केलेला असेल तर तो मान्य करू नये. पेंघूच्या जबड्यातले दोन्ही फरक यांत बसत नाहीत, म्हणूनच त्या निकालाला वजन आहे.

जे दोष निदानात अडचण आणतात, त्यांतला एक अस्सलपणाचा पुरावाही ठरतो. ॲस्पॅराजिन आणि ग्लुटामिन यांचं हे रूपांतर जुन्या प्रथिनांत बरंच पुढे गेलेलं असतं, ताज्या केराटिनमध्ये किंवा कालपरवाच्या संसर्गात कमी. कोलॅजेनमधलं रूपांतर आणि केराटिनमधलं रूपांतर यांची शेजारी शेजारी तुलना अहवालात असावी. रिकाम्या नळीवर, म्हणजे हाड न घालता, सगळी प्रक्रिया केलेल्या ‘ब्लँक’चा निकालही हवा. ब्लँकमध्ये कोलॅजेन दिसलं आणि तरीही नमुन्यातलं कोलॅजेन प्राचीन म्हणून दिलं असेल तर अहवाल परत पाठवावा.

तिसरी सेवा इनॅमलची, आणि फार जुन्या जीवाश्मांसाठी खरी आशा इथेच आहे. दातावरचं हे कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात प्रथिनं अगदी नाममात्र, पण जी आहेत ती खनिजाच्या स्फटिकांत बंद झालेली, पाण्यापासून आणि जंतूंपासून दूर. मानवी गटातला सर्वांत जुना डीएनए स्पेनमधल्या सिमा दे लोस उएसोसचा, सुमारे ४,३०,००० वर्षांचा. इनॅमल त्याच्या कितीतरी मागे जातं. स्पेनमध्येच अतापुएर्काच्या ग्रान दोलिना इथल्या होमो अँटिसेसर या नामशेष मानवाचं इनॅमल ७,७२,००० ते ९,४९,००० वर्षं जुनं. २०२०मध्ये त्यावरून कळलं की ही शाखा आपल्या, निअँडरथलांच्या आणि डेनिसोव्हनांच्या सामाईक पूर्वजाच्या जवळची, पण वेगळी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्सच्या पॅरान्थ्रोपस रोबस्टस या मानवी गटातल्या नामशेष प्रजातीचे चार दात सुमारे २० लाख वर्षांचे, त्यावरचं काम २०२५मध्ये आलं. जायगँटोपिथेकसच्या १९ लाख वर्षांच्या दाढेतून २०१९मध्ये ६ प्रथिनं मिळाली आणि हा महाकाय वानर ओरांगउटानचा नातेवाईक ठरला. तो दात उष्ण, दमट दक्षिण चीनमधला. तिथे इतक्या जुन्या डीएनएचा विचारही करता येत नाही.

इनॅमलचं काम वेगळ्या रीतीने चालतं. डेंटीन पूर्ण खरवडून काढावं लागतं, कारण त्यातलं कोलॅजेन सगळं झाकून टाकतं. इनॅमल ट्रायफ्लुओरोॲसेटिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात, आणि ट्रिप्सिन बहुधा घालतच नाहीत. दात घडत असतानाच शरीराने ही प्रथिनं बारीक कापलेली असतात, काळाने आणखी, त्यामुळे पुन्हा कापलं तर वाचण्याजोगे तुकडे उरत नाहीत. याची किंमत शोधाच्या वेळी मोजावी लागते. पेप्टाइड कुठेही तुटलेलं असू शकतं असं गृहीत धरून सॉफ्टवेअरला शोधावं लागतं, शक्यतांची संख्या प्रचंड वाढते आणि त्याबरोबर योगायोगाने जुळणारे खोटे पेप्टाइडही वाढतात. त्यामुळे ‘चुकीचं प्रमाण एक टक्का’ या ठरावीक वाक्यावर इनॅमलच्या अहवालात विसंबू नये. अस्सलपणासाठी सेरिनवरचं फॉस्फेट पाहावं. इनॅमलच्या प्रथिनांत ते ठरावीक क्रमाच्या जागीच बसतं, म्हणजे सेरिननंतर दुसऱ्या स्थानावर ग्लुटामिक आम्ल असेल तिथे.

इनॅमल लिंगही सांगतं. ॲमेलोजेनिन या इनॅमलमधल्या प्रथिनाची एक प्रत एक्स गुणसूत्रावर, दुसरी वाय गुणसूत्रावर. वायची प्रत दिसली तर नर, यात शंका नाही. अँटिसेसरचा तपासलेला दात असाच नराचा ठरला. स्वार्टक्रान्समध्ये आकाराने लहान म्हणून मादीचा मानलेला एक दात नराचा निघाला. हे महत्त्वाचं आहे, कारण लहान दात म्हणजे मादी हे गृहीत धरूनच या प्रजातीतल्या नर-मादींच्या आकाराबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. उलट दिशेने मात्र सावध राहावं. वायची प्रत दिसली नाही म्हणजे मादी, असं म्हणता येत नाही. वायची प्रत एक्सच्या तुलनेत मुळात कमी बनते, त्यामुळे कमी प्रथिन उरलेल्या दातात आधी तीच नाहीशी होते. शिवाय आजच्याही काही पुरुषांत वायचा तो भाग गळालेला असतो. एक्सच्या पेप्टाइडांचं प्रमाण भरपूर आणि वाय शून्य, तरच ‘बहुधा मादी’ एवढं म्हणावं.

या तिसऱ्या सेवेबद्दल आमची एक ठाम तक्रार आहे, आणि ती प्रयोगशाळांपेक्षा विकल्या जाणाऱ्या अपेक्षांबद्दल आहे. इनॅमलमधली प्रथिनं मोजकी, त्यांतून वाचता येणारी अमिनो आम्लं बहुधा काहीशे. त्यावर पूर्ण वंशवृक्ष उभा करायचा म्हणजे एखाददुसऱ्या जागेवर संपूर्ण फांदी टांगणं. अँटिसेसरच्याच अभ्यासात जॉर्जियातल्या द्मानिसीच्या १७ लाख ७० हजार वर्षांच्या होमो इरेक्टस या नामशेष मानवाचा दातही तपासला होता. प्रथिनं मिळाली, पण त्याची जागा ठरवण्याइतकी माहिती मिळाली नाही. दुसरी अडचण याहून मूलभूत आहे. तुलना करायला दुसऱ्या बाजूला काहीतरी लागतं. निअँडरथल आणि डेनिसोव्हन ओळखू येतात, कारण त्यांचे जीनोम आपल्याकडे आहेत आणि त्यावरून प्रथिनांचा क्रम काढता येतो. होमो इरेक्टसचा जीनोम नाही. त्यामुळे त्याचा दात दिला तर ‘हा इरेक्टस’ असं उत्तर येणारच नाही. ‘हा आपल्या आणि डेनिसोव्हनांच्या बाहेरचा’ इथवरच मजल जाईल. डेनिसोव्हनांच्या बाबतीतही मुख्य आधार डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या एका हाडाचा जीनोम आहे. त्याच्यापेक्षा वेगळ्या डेनिसोव्हन लोकसंख्येतला दात आला तर तो जुळण्यात कमी पडेल. त्यात आजच्या ओशनियातल्या लोकांत डेनिसोव्हन वारसा आहेच, म्हणून निर्णायक म्हणून दाखवलेला फरक आजच्या माणसांत किती प्रमाणात मिळतो हे अहवालात लिहिलेलं असावं.

कोणी कोणती सेवा घ्यावी? ५०,००० वर्षांच्या आसपासचे, थंड गुहेतले शेकडो-हजारो अनोळखी तुकडे असतील तर डोळे झाकून झूम्स. जर्मनीतल्या रानिसच्या गुहेत असंच झालं. हाडांच्या ढिगातून प्रथिनांनी मानवी तुकडे वेगळे काढले, मग डीएनएने ते होमो सेपियन्सचे ठरवले, आणि ४५,००० वर्षांपूर्वीची तिथली हत्यारं कुणाची हा जुना वाद २०२४मध्ये मिटला. जबडा किंवा कवटी असेल आणि डीएनएचा प्रयत्न फसला असेल तर डेंटीन किंवा हाडाचं पूर्ण वाचन. पाच लाख वर्षांपलीकडचं किंवा उष्ण प्रदेशातलं असेल तर थेट इनॅमल. पण ज्या दातावर प्रजातीचं नाव आधारलेलं आहे, त्या दातापासून सुरुवात नको. त्याच थरातल्या हरणाचा किंवा गव्याचा दात आधी द्यावा. त्यात प्रथिनं टिकलेली नसतील तर मानवी दातात टिकली असण्याची शक्यता फार कमी.

नमुना देताना लेटेक्सचे हातमोजे नकोत, त्यात स्वतःची प्रथिनं असतात. नायट्राइलचे घ्यावेत. लोकरीचे कपडे घालून पॅकिंग करू नये, मेंढीचं केराटिन थेट नमुन्यात जातं. दाताला हात लावण्याआधी सीटी स्कॅन पूर्ण करून घ्यावं, कापल्यावर आकाराचा अभ्यास परत होत नाही. रेडिओकार्बनसाठी आधीच काढलेलं कोलॅजेन शिल्लक असेल तर झूम्ससाठी नवा तुकडा तोडायची गरज नाही, ते चालतं. डीएनए काढताना उरलेल्या चुऱ्यातूनही प्रथिनं मिळतात, फक्त ब्लीचने धुतलं असेल तर ते प्रयोगशाळेला कळवावं. करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. यंत्राच्या मूळ फाइली सार्वजनिक संग्रहात ठेवल्या जातील, आणि उरलेला अर्क न टाकता उणे ८० अंशांवर नमुन्याच्या क्रमांकासह जपला जाईल. नवा संदर्भ जीनोम आला की त्याच फाइलींवर शोध पुन्हा चालवता येतो, त्यासाठी दाताला पुन्हा ड्रिल लावावं लागत नाही.